न कापलेली चासी

एफसी-१५० ही मालवाहू जीप समोरून पाहिली की पहिल्यांदा प्रत्येकाला हसू येतं. बॉनेट नाहीच. ड्रायव्हर थेट पुढच्या चाकांच्या डोक्यावर बसलेला, काच उंच आणि रुंद, आणि पाठीमागे अंगाला न शोभणारा लांबलचक हौदा. बापाचा कोट चढवून लग्नाला आलेल्या पोरासारखी ती दिसते. पण टेप लावला की हसू मावळतं. पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर ८१ इंच, म्हणजे तेव्हाच्या सीजे-५ जीपइतकंच. आणि हौद्याची लांबी ७४ इंच. जीपएवढ्या बुडावर सहा फुटांहून लांब हौदा बसवायचा, तर पुढचं नाक काढून टाकण्यावाचून इलाज नव्हता. माल भरपूर मावला पाहिजे आणि अरुंद वाटेवर गाडी एका दमात वळली पाहिजे, अशा दोन हट्टांतून हा चेहरा घडला आहे.

एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल: स्टिअरिंग, पेडल, गिअर सगळं पुढे ढकललेलं. मग इंजिन कुठे गेलं? ते केबिनमध्येच, ड्रायव्हर आणि शेजारी बसणारा यांच्या मधोमध, एका लोखंडी डब्याखाली. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ड्रायव्हरचा डावा पाय उन्हाळाभर भाजत राहतो. नाक कापल्याची आणखीही किंमत होती. सगळा भार पुढे आल्यामुळे उतारावर रिकाम्या गाडीचा ब्रेक जोरात दाबला तर शेपूट हलकं व्हायचं. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या गाड्यांना त्यासाठी मागच्या बाजूला चासीवर मुद्दाम लोखंडी वजन बसवलं होतं. पुढे चाकांमधली रुंदीही वाढवली. म्हणजे ही गाडी पहिल्यापासूनच दुरुस्त होत आलेली आहे.

तिचा आराखडा ब्रुक्स स्टीव्हन्सचा. मिलवॉकीचा हा औद्योगिक डिझायनर १९११ साली जन्मला. विलीजची पोलादी स्टेशन वॅगन, जीपस्टर आणि नंतरची वॅगनीअर याच्याच टेबलावरची. १९५६च्या अखेरीस अमेरिकेतल्या टोलेडोच्या विलीज मोटर्सने एफसी बाजारात आणली. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९५४ मध्ये, स्टीव्हन्सने एका भाषणात जे सांगितलं त्यामुळे तो डिझायनरांपेक्षा अर्थशास्त्राच्या पुस्तकांत जास्त सापडतो. गिऱ्हाइकाच्या मनात जरा नव्याची, जरा बऱ्याची इच्छा पेरायची, आणि तीही गरज पडायच्या जरा आधी, असं त्याचं सूत्र होतं. वस्तू मोडायची वाट पाहायची नाही, माणसाचं मन आधी उडवायचं. नियोजित जुनेपणाची ही कल्पना त्याच्या आधीही कुणी कुणी मांडली होती, पण ती घरोघरी नेली याने.

अमेरिकेत एफसी फारशी चालली नाही. १९६५पर्यंत तीस हजारांच्या आसपास गाड्या निघाल्या आणि उत्पादन थांबलं. पण ज्या वर्षी तिकडे तिचा अध्याय संपला, त्याच सुमाराला मुंबईत तो सुरू झाला. १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने निघालेली कंपनी फाळणीनंतर महिंद्रा अँड महिंद्रा झाली होती. १९४९ पासून माझगावात विलीजचे सुटे भाग जोडून ती जीप उभी करत होती. साठच्या दशकाच्या मध्यावर तिने एफसी-१५० बनवायला घेतली. तिकडे जिच्यावरून मन उडालं होतं ती इकडे नवी कोरी म्हणून विकली गेली. पाणीपुरवठा, पोलीस, वीज, वनखातं, साखर कारखाने, जिथे माल न्यायचा आणि रस्ता मात्र नाही, तिथे तिथे ती आणि तिच्या पाठोपाठ आलेली तिची भावंडं गेली.

माझी सापडली भोरच्या पुढे, नीरा-देवघरच्या बाजूला, एका बंद पडलेल्या वीटभट्टीच्या कडेला. चाकं होती पण टायर नव्हते. हौद्यात रानतुळस उगवली होती. दाराच्या खालच्या कडा जाळीदार झालेल्या, छपराची पन्हळ गंजून एका बाजूला लोंबत होती. मी वाकून पुढच्या एक्सलकडे पाहिलं. एक्सलच्या दोन्ही टोकांना ती गोल, लोखंडी, बंद खोबण होती जिच्या आत पुढच्या चाकांना ओढणारे जॉइंट फिरतात. म्हणजे ही चारही चाकं ओढणारी. मागची दोनच चाकं ओढणाऱ्या एफसी अजून कुठे कुठे दिसतात. फोर-व्हील आणि तीही सगळे अवयव जागेवर असलेली मिळणं आता दुर्मीळ. मालकाने भंगाराच्या वजनाचा हिशेब सांगितला, मी थोडे वर घालून घेतली.

जुन्या गाड्यांच्या लोकांत मग सल्ल्यांचा पाऊस पडला, आणि बहुतेक सल्ले एकाच वळणाला येऊन थांबत होते: इंजिन बदल. कारण माझ्या गाडीत होतं ते डिझेल. कारखान्यातून निघताना तिच्या पोटात हरिकेन नावाचं पेट्रोल इंजिन होतं. चार सिलिंडर, १३४ घनइंच, म्हणजे साधारण २.२ लिटर. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचं गो-डेव्हिल हे त्याचं थोरलं भावंड. त्या थोरल्याचे सगळे व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्ये होते. हरिकेनमध्ये हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, धूर बाहेर टाकणारे मात्र खालीच ठेवले. सगळं नव्याने न घडवता, होता तोच ब्लॉक आणि क्रँक पुढे वापरून ताकद वाढवायची अशी ती युक्ती. सत्तर-पंचाहत्तर हॉर्सपॉवर. ऐकायला गोड, प्यायला अघोरी.

१९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव असे चढले की माल वाहणाऱ्याला हरिकेन परवडेना. जीपवाल्यांनी डिझेल शोधायला सुरुवात केली. कुणी ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन बसवलं, कुणी पर्किन्स, कुणी आकुर्डीच्या मॅटाडोरमधलं मर्सिडीजच्या बांधणीचं इंजिन. नंतर महिंद्राने प्युजोच्या परवान्यावर २,११२ सीसीचं एक्सडीपी डिझेल बनवायला घेतलं, तेव्हा खेडोपाडीच्या गॅरेजांना घबाडच मिळालं. माझ्या गाडीत तेच होतं. कुणी तरी, कधी तरी, हरिकेन उतरवून ते चढवलं होतं.

इंजिन मूळचं असावं हा हट्ट नुसता हौशी लोकांचा नाही, कायद्याचाही आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली गाडी त्यात बसते. नंबरपाटीवर व्हीए ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुन्हा नोंदवायला ५ हजार. बदल्यात गाडीने मिरवायचं, प्रदर्शनात उभं राहायचं, रॅलीत धावायचं. रोजच्या वापराला किंवा धंद्याला मात्र ती रस्त्यावर आणायची नाही. नियम वाईट नाही. जुन्या गाड्यांना कागदोपत्री जागाच नव्हती, ती मिळाली. पण ज्या गाडीने पन्नास वर्षं घाम गाळला तिला जगण्यासाठी काही ना काही बदलावं लागलंच असणार. जी गॅरेजमध्ये कापडाखाली झाकून राहिली तीच निष्कलंक राहते, आणि नियमात पहिली तीच बसते.

इंजिन उतरवलं तो दिवस मला नीट आठवतो. पुण्यातल्या नाना पेठेत उमेदवारी केलेले आणि आता शहराबाहेर स्वतःचं शेड टाकून बसलेले मिस्त्रीकाका चेनपुलीची साखळी ओढत होते. डबा काढला, रेडिएटर काढला, इंजिन हळूहळू उचललं गेलं, आणि रिकाम्या जागेत काका टॉर्च घेऊन उतरले. बराच वेळ त्यांचा आवाज नाही. मग म्हणाले, "ताई, जरा वाकून बघा. ह्या माणसाने कापलं नाही."

चासीच्या दोन्ही बाजूंना हरिकेनचे मूळ ब्रॅकेट जसेच्या तसे होते. नवं इंजिन बसवताना सहसा गॅसकटर फिरतो. जुने ब्रॅकेट उडवायचे, नवे वेल्ड करायचे, काम झटपट होतं. इथे ज्याने कुणी डिझेल बसवलं होतं त्याने जाड पत्र्याच्या दोन पट्ट्या घडवल्या होत्या. त्या पट्ट्या जुन्या ब्रॅकेटच्याच भोकांत नटबोल्टने कसल्या होत्या आणि त्यांवर नव्या इंजिनाचे रबर बसवले होते. गिअरबॉक्सशी जोडणारी प्लेटही तशीच, बोल्टची. चासीला एकही नवं भोक पाडलेलं नव्हतं. पट्ट्यांच्या कडा कानशीने गोल केल्या होत्या, हात कापू नये म्हणून. काका त्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. "पैसे ह्याचे वेगळे मिळत नाहीत," एवढंच बोलले.

हे काम त्या माणसाने कशासाठी केलं असेल? त्याला विंटेज रॅली माहीत असण्याची शक्यता नाही. गाडी तेव्हा नुसती जुनी झालेली, पेट्रोल पिणारी मालाची गाडी होती. बहुधा त्याच्या डोक्यात साधा हिशेब असेल, की उद्या मालकाला पुन्हा पेट्रोल हवंसं वाटलं, किंवा यापेक्षा बरं इंजिन मिळालं, तर मागे जायची वाट बंद व्हायला नको. जे आपण बनवलेलं नाही ते कापताना हात आखडावा, एवढी त्याची रीत. त्याचं नाव मला कधी कळणार नाही. पण स्टीव्हन्स जे म्हणाला त्याला या दोन पट्ट्यांनी भोर तालुक्यात कुठे तरी चोख उत्तर देऊन ठेवलं होतं. एकजण म्हणतो, गरज संपायच्या आधी वस्तू सोडून द्यायला शिकवा. दुसरा म्हणतो, वस्तू पुढच्याच्या हाती जाणार आहे, तिची वाट मोकळी ठेवा.

बॉडीचं काम सुरू झालं तेव्हा डेंटरने कागद मारून रंग उतरवायला घेतला. जुन्या रंगाला पाणी लावून घासलं की कडेला वलयं उमटतात. वर भडक निळा, त्याखाली पिवळसर पांढरा, मग लाल ऑक्साइड, मग मळकट करडा, आणि तळाशी एका जागी गडद हिरवा. मागच्या फाळक्यावर निळा उतरला आणि पांढऱ्यावर अक्षरं दिसायला लागली. पेंटरने ब्रशने काढलेली, वळणदार, लाल रंगात काळी छाया दिलेली. पहिला शब्द गंजाने खाल्लेला. नंतर "उपसा जलसिंचन" स्वच्छ, आणि त्यापुढे "सह" एवढंच. कुठल्या तरी सहकारी उपसा सिंचन संस्थेची गाडी. नदीकाठापर्यंत पंप, पाइप, मोटारी आणि जळालेली कॉइल घेऊन जाणारी. चारही चाकं तिला कशाला लागत होती ते तिथे कळलं.

डेंटर पत्रा-पुट्टी घेऊन उभाच होता. लांबी मारून, घासून, सगळं सपाट करून हिरवा मारायचा, म्हणजे गाडी "शोरूमसारखी" दिसेल, असं त्याचं म्हणणं. त्याचं काही चुकत नव्हतं, सगळे तेच मागतात. मी फाळका तसाच ठेवायला सांगितला. गंज थांबवायचा, वर पातळ लॅकर मारायचं, अक्षरं तशीच राहू द्यायची. बाकी बॉडी हिरवी. तो माझ्याकडे बघत राहिला. अर्धी गाडी नवी आणि फाळका जुना, याला तो काय म्हणणार?

सुट्या भागांच्या बाबतीत एफसीचा विचित्र प्रकार आहे. यंत्र मिळतं, चेहरा मिळत नाही. तीन गिअरचा गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, एक्सल, ब्रेक हे सगळं जीपच्या कुळातलं. कुर्ल्याच्या भंगार बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात, दिल्लीच्या मायापुरीत, नाही तर जीप बांधण्यासाठी नाव कमावलेल्या हरियाणातल्या मंडी डबवालीत ते कुणाकडे ना कुणाकडे निघतं. बेरिंग, सील, क्रॉस, व्हील सिलिंडर यांसाठी फार वणवण नाही. पण दाराचा पत्रा, काचेच्या बिडिंगचा नेमका आकार, इंजिनाच्या डब्याचं झाकण? ते फक्त एफसीचंच, आणि एफसी भंगारात जाताना पत्रा पहिला जातो. त्यामुळे दारांच्या खालच्या कडा डेंटरने सपाट पत्रा हातोडी-डॉलीवर ठोकून घडवल्या. महिनोन्‌महिने खिशाला कात्री लागली ती इंजिनापायी नाही, या पत्र्यापायी.

डब्याचा प्रश्न खरा अवघड होता. चासी न कापणाऱ्या त्या माणसालाही डब्यापुढे हात टेकावे लागले होते. डिझेल उंच, डबा बुटका. त्याने झाकणाच्या खाली चार बोटांची पट्टी घालून ते उंच केलं होतं आणि तिथे मात्र वेल्ड मारलं होतं. वेल्ड जागोजागी तुटलं होतं. आता हरिकेन परत बसवलं तर ही पट्टी काढून डबा मूळ उंचीला आणायचा. डिझेलच ठेवायचं तर नवी पट्टी.

याच सुमाराला स्टीव्हन्सबद्दलची एक गोष्ट मला पुन्हा आठवली. गरजेच्या आधी नवं घ्यायला लावा म्हणणाऱ्या या माणसाचं स्वतःचं मोटारींचं संग्रहालय होतं, विस्कॉन्सिनमध्ये, मेक्वोनला. त्याने जुन्या गाड्या जमवल्या, जपल्या, लोकांना दाखवल्या. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो ढोंगीपणा वाटला होता. आता वाटतं, दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात सहज बसतात. बाजारातलं जुनं झटपट टाकायचं आणि त्यातलं एखादं काचेमागे पुजायचं. मधला टप्पा तेवढा गायब. वस्तू म्हातारी होते, तिचे गुडघे बदलले जातात, ती कमी वेगाने पण कामाला जात राहते, या टप्प्याला ना शोरूममध्ये जागा, ना संग्रहालयात. आपल्याकडच्या गाड्यांचं बहुतेक आयुष्य मात्र याच टप्प्यात गेलं. माझ्या गाडीचं तर सगळंच.

म्हणून मी डिझेल ठेवलं. हरिकेन वाईट म्हणून नाही. एक बऱ्या अवस्थेतलं मिळतही होतं, आणि त्याचा मऊ आवाज ऐकल्यावर मन डळमळलंही. पण ते बसवून मी जी गाडी उभी केली असती ती डिझेल चढण्याआधीची. पंप वाहणारी, दुष्काळी उन्हात नदीत उतरणारी, पट्ट्या घडवणाऱ्याच्या हातातून गेलेली गाडी पुसली गेली असती, आणि त्या पुसण्याला दुरुस्ती म्हणायला माझी जीभ रेटली नाही. व्हीए अक्षरं मिळणार नाहीत. त्याऐवजी साध्या जुन्या गाडीसारखे कागद, फिटनेस, आरटीओच्या फेऱ्या. पट्ट्या घासून, रंगवून, नवे रबर घालून त्याच भोकांत पुन्हा बसवल्या. हरिकेनचे ब्रॅकेट तेल लावून तसेच ठेवले.

गाडी आता वेल्ह्याजवळ माझ्या मावसभावाच्या शेतावर असते. पहिल्या पावसानंतर तिथल्या बांधालगतच्या चिखलात मी ती मुद्दाम नेली. केबिनच्या तळातून दोन लहान दांडे वर आलेले आहेत. एक पुढची चाकं जोडतो, दुसरा हाय-लो बदलतो. पुढची चाकं जोडल्याशिवाय लो पडत नाही, कारण लोमधला तो अडीचपट जोर एकट्या मागच्या एक्सलवर टाकला तर तो मोडायचा. आणि चारही चाकं जोडून कोरड्या डांबरावर वळायचं नाही. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मध्ये डिफरन्शियल नाही, मग सगळा ताण शाफ्टांत साठतो. चिखल थोडा घसरू देतो, डांबर देत नाही. मी दोन्ही दांडे ढकलले, दुसरा गिअर टाकला, अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. डिझेल आपल्या तालात धडधडत राहिलं आणि गाडी खताच्या पोत्यांसकट बांध चढून गेली. भाऊ म्हणाला, "ताई, हिला विकायचं असेल तर आधी मला सांग."

डब्याची नवी पट्टी मी वेल्ड करू दिली नाही. बोल्ट लावायला सांगितले, मध्ये रबर घालून. मिस्त्रीकाकांना ते मुळीच पटलं नाही. बोल्ट ढिले होणार, झाकण खडखडणार, डाव्या कानाशी दिवसभर वाजत राहणार, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ते खडखडतंच. चालू गाडीत भावाशी बोलायचं तर ओरडावं लागतं. पण ज्याला कुणाला पुढे हरिकेन बसवावंसं वाटेल, किंवा बॅटरीवरची मोटर, किंवा आज मला सुचत नाही असं काही, त्याला गॅसकटर पेटवायची गरज नाही. तेरा नंबरचा पाना घेऊन बसला तर चहा येईपर्यंत डबा उघडेल.